पार्किन्सनची गोळी आणि घरातलं घड्याळ

मागच्या अंकात कंपवाताविषयी, म्हणजे पार्किन्सनविषयी, थोडंसं लिहिलं आणि या महिन्याचं टपाल जवळजवळ सगळं त्याच विषयाचं आलं. बडोद्यातला दांडिया बाजार, वारसिया, मांजलपूर, कारेलीबाग, काही पत्रं थेट पादऱ्याहून. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, म्हणून ज्या अडचणी पुन्हापुन्हा आल्या त्या निवडल्या आहेत.

आधी एक सांगते. मी डॉक्टर नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात फार्मसी शिकले आणि निवृत्त होईपर्यंत इथल्याच एका रुग्णालयात औषधांच्या खिडकीमागे काम केलं. त्यामुळे गोळी किती मिलिग्रॅमची हवी हे मी सांगणार नाही, ते तुमचे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. पण ती गोळी घरी आल्यावर तिचं काय होतं, ती कोणत्या डब्यात जाते, कशाबरोबर पोटात जाते, हे मी खिडकीतून आणि घरीही पाहिलं आहे. माझे सासरे हा आजार घेऊनच बरीच वर्षं जगले, आणि त्यांच्या गोळ्यांची वेळ माझ्याकडे होती.

पत्रं वाचताना एक गोष्ट फार जाणवली. ‘औषध लागू पडत नाही, वाढवून मागू का?’ असं बहुतेकांनी विचारलंय. गोळी किती वाजता घेता, जेवणाच्या आधी की नंतर, शिवाय आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे मात्र फार थोड्यांनी लिहिलंय. डोस वाढवण्याआधी रुग्णाचा दिवस बघा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. खालच्या बऱ्याच उत्तरांत ते पुन्हा येईल, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : ह्यांचं वय ७१. पार्किन्सन होऊन सहा वर्षं झाली. सकाळी सातची गोळी छान लागते. तासाभरात स्वतः दाढी करतात, पूजा करतात. दुपारची गोळी मात्र वाया जाते, चार वाजेपर्यंत खुर्चीतून उठवत नाही. आम्ही साडेबाराला जेवायला बसतो. ह्यांना वरण, उसळ आणि वाटीभर दही लागतंच. जेवून उठले की लगेच गोळी देते. डोस वाढवायला सांगू का? — एक वाचक, दांडिया बाजार

ताई, तुम्ही जेवणाचं ताट लिहिलंत म्हणून बरं झालं, कारण उत्तर बहुधा त्यातच आहे.

पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामिन (हालचालींना लागणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. डोपामिनची गोळी देऊन उपयोग नसतो, कारण रक्तातून मेंदूत जायची त्याला वाट नाही. म्हणून लेव्होडोपा देतात. ते मेंदूत शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. आता हे लेव्होडोपा म्हणजे एक अमिनो आम्लच आहे, आणि डाळ, दही, पनीर, अंडं पचल्यावर त्यातूनही अमिनो आम्लंच निघतात. आतड्यातून रक्तात जाताना दोघांची वाट एक, रक्तातून मेंदूत जातानाही तीच. सणाच्या संध्याकाळी मांडवीच्या दरवाज्यात जशी खेचाखेच होते तसं होतं, आणि उसळ-दह्याच्या गर्दीत तुमच्या ह्यांची गोळी मागे राहते. शिवाय लेव्होडोपा शोषलं जातं ते लहान आतड्यात. पोट भरलेलं असलं की गोळी जठरातच रेंगाळते, आतड्यापर्यंत उशिरा पोचते.

सकाळची गोळी का लागते? सात वाजता पोट रिकामं असतं म्हणून.

तेव्हा दुपारची गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी द्या. तुमच्या बाबतीत बारा वाजता, पेलाभर पाण्याबरोबर, ताठ बसवून. सकाळ आणि दुपार यांतलं अंतर त्यामुळे तासाभराने कमी होईल, म्हणून पुढच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना फोन करून एकदा नक्की करून घ्या. काही कारणाने जेवण आधी झालंच, तर गोळीसाठी तासभर तरी थांबा. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर बरोबर साधा खाखरा किंवा मूठभर कुरमुरे चालतील. दूध नको. आपल्याकडे ‘गरम औषध’ म्हणून दुधाबरोबर गोळी द्यायची सवय घरोघरी आहे, ती या गोळीपुरती सोडा.

पण याचा अर्थ ह्यांची डाळ-उसळ बंद करा असा मुळीच नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण काही घरांत प्रथिनं पार तोडून टाकतात आणि मग वजन उतरतं, स्नायू झडतात, माणूस पडतो. या आजारात आधीच वजन कमी व्हायची भीती असते. दिवसा चढउतार फारच होत असतील तर दुपारचं जेवण भात-भाजी, पोळी-भाजी असं ठेवायचं आणि उसळ, दही, पनीर रात्रीच्या जेवणात घ्यायचं. दिवसभराचं एकूण प्रमाण तेवढंच राहू द्या. सकाळी शेव-उसळ आवडत असेल तर तीही खाऊ द्या, पण गोळी लागल्यावर. खमण-ढोकळाही डाळीचाच असतो हे लक्षात असू द्या. लोक त्याला हलका फराळ समजतात.

पहिल्या काही वर्षांत हे सगळं का जाणवलं नाही, असंही तुमच्या मनात येईल. लेव्होडोपाचं रक्तातलं प्रमाण दीडेक तासातच निम्म्यावर येतं. सुरुवातीला मेंदूत उरलेल्या पेशी डोपामिन साठवून ठेवतात, त्यामुळे वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे झाली तरी निभावतं. पुढे साठवणारेच कमी होतात आणि प्रत्येक गोळीचं येणं-जाणं अंगावर दिसायला लागतं.

ह्यांना लोहाची गोळी चालू आहे का? असेल तर तिच्यात आणि या गोळीत दोन तासांचं अंतर हवं, लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं. बद्धकोष्ठ असेल तर तोही सांभाळा. पाणी, इसबगोल, पपई, जे मानवेल ते.

आठवडाभर एक वही ठेवा. गोळीची वेळ, खाल्ल्याची वेळ, हातपाय मोकळे कधी झाले, पुन्हा जड कधी झाले, आणि अंग आपोआप वळवळायला लागलं का. हा शेवटचा रकाना विसरू नका, कारण वळवळ म्हणजे औषध जास्त झाल्याची खूण असू शकते आणि घरचे तिलाच कंप समजून डोस वाढवून मागतात. वेळ बदलूनही दुपार तशीच जड गेली तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मग डोस वाढवायचा, की गोळी लहान करून जास्त वेळा द्यायची, की जोडीला दुसरं औषध, हे त्यांना नीट ठरवता येईल.

प्रश्न : बाबांना ‘सिंडोपा ११०’ लिहिली आहे. मागच्या महिन्यात मेडिकलवाल्या भाईंनी ‘सिंडोपा प्लस’ दिली, म्हणाले एकच आहे. एकच आहे का? — वाचक, मांजलपूर

नाही.

पाकिटावरचा आकडा ही दोन औषधांची बेरीज असते. ११० म्हणजे लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा १०. प्लस म्हणजे लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा २५. २७५ म्हणजे लेव्होडोपा २५० आणि कार्बिडोपा २५. कार्बिडोपाचं काम एवढंच, की लेव्होडोपाचं डोपामिन मेंदूबाहेर, वाटेतच होऊ द्यायचं नाही. ते कमी पडलं की मळमळ, उलटी, रक्तदाब उतरणं सुरू होतं आणि मेंदूपर्यंत औषधही कमी पोचतं. दिवसभरात साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा पोटात गेलं तर ही राखण नीट होते. ज्यांना कमी गोळ्या आहेत आणि सारखं मळमळतं, त्यांनी हे गणित डॉक्टरांना जरूर विचारावं. पण बदल डॉक्टरांनी करायचा, काउंटरवर नाही.

‘सीआर’ लिहिलेली गोळी आणखी वेगळी. ती हळूहळू सुटते. ती कुटून, चावून, दह्यात कालवून दिली तर तिचा सगळा हेतूच जातो. गिळायला जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा, साधी गोळी चुरून देता येते. सीआरच्या जागी साधी किंवा साधीच्या जागी सीआर, ही अदलाबदल दिसायला बारीक, पण रुग्णाचा सबंध दिवस बिघडवणारी आहे.

गोळ्या पाकिटातून काढून एका स्टीलच्या डबीत ओतू नका. लेव्होडोपाला ओल आणि उजेड सोसत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात तर नाहीच. आठवड्याची खणांची डबी वापरायची तर गोळ्या पाकिटासकट कापून तिच्यात ठेवा. नावही वाचता येतं.

प्रश्न : सासूबाईंना (वय ७४) पार्किन्सन आहे, पण घरात हिंडत-फिरत होत्या. चक्कर आणि ॲसिडिटीसाठी जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे दोन गोळ्या वाढल्या. महिन्याभरात त्यांचं चालणं बंद पडलं, बोलणं पुटपुटल्यासारखं झालं. सगळे म्हणतात आजार वाढला. खरंच इतक्या भराभर वाढतो का? गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो पाठवते. — सून, वारसिया रिंग रोड

इतक्या भराभर सहसा वाढत नाही. महिन्याभरात असं झालं की आधी नव्या गोळ्यांकडे बघायचं. तुम्ही फोटो पाठवलेत हे फार शहाणपणाचं केलंत.

ॲसिडिटीच्या गोळीवर मोठ्या अक्षरात तिचं व्यापारी नाव आहे आणि खाली बारीक अक्षरात रॅबेप्राझोल व लेव्होसल्पिराइड असं लिहिलंय. रॅबेप्राझोलबद्दल माझी तक्रार नाही. लेव्होसल्पिराइड मात्र डोपामिनचा मार्ग अडवतं. चक्करेच्या गोळीत सिनारिझिन आहे, तेही त्याच जातीचं काम करतं. म्हणजे सासूबाई लेव्होडोपा घेत होत्या आणि त्याचा परिणाम या दोन गोळ्या पुसत होत्या. आजच त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन करून दोन्ही नावं वाचून दाखवा. ते थांबवायला सांगतील असं मला वाटतं. थांबवल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी फरक दिसेल अशी आशा धरू नका. अशा औषधांचा परिणाम उतरायला आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर त्यांना पडू देऊ नका.

या विषयावर मला जरा जास्त बोलायचं आहे. माझ्या सासऱ्यांना एका रुग्णालयात उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मान वळवता येईना. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. रात्रीची वेळ, समोर उलट्या करणारा म्हातारा माणूस, आणि हातात रोजचं इंजेक्शन. पार्किन्सनच्या रुग्णाचं नुकसान बहुतेक असंच होतं, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाताना, मधल्या जागेत. ती जागा घरच्यांनीच भरायची असते.

म्हणून एक कार्ड करा. पोस्टकार्डाएवढं, एका बाजूला गुजरातीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत, कारण रात्रपाळीची सिस्टर बहुधा गुजराती वाचणारी असेल. वर लिहा : ‘मला पार्किन्सन आहे. माझ्या गोळ्या वेळेवर द्या.’ खाली चालू गोळ्या, मिलिग्रॅम आणि वेळा. त्याखाली टाळायची नावं : मेटोक्लोप्रामाइड, म्हणजे पेरीनॉर्म, प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे स्टेमेटिल, लेव्होसल्पिराइड, सिनारिझिन आणि अर्धशिशीसाठी देतात ते फ्लुनारिझिन, हॅलोपेरिडॉल. उलटीवर काय चालेल असं डॉक्टर विचारतील. ऑन्डान्सेट्रॉन बहुतेकांना चालतं. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही म्हणून पार्किन्सनमध्ये तेही वापरतात, पण वयस्कर माणसाच्या हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून ईसीजी पाहून आणि थोडेच दिवस. आपल्या मनाने नको.

ज्यांना पार्किन्सनसाठीच रासाजिलिन किंवा सेलेजिलिन ही गोळी चालू आहे त्यांच्या कार्डावर आणखी एक ओळ हवी : ट्रॅमाडॉल, पेथिडिन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन नको. ट्रॅमाडॉल गुडघेदुखीला सर्रास देतात आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याच्या कितीतरी औषधांत असतं. खोकल्याची बाटली चिठ्ठीशिवाय आणली जाते म्हणून तिची धास्ती जास्त. नैराश्यावरच्या काही गोळ्यांशीही या दोघांचं जमत नाही, तेही विचारून घ्या.

तुमच्या पत्राच्या निमित्ताने बाकीच्यांसाठी : घरात कुणाला पार्किन्सन नाही, पण ॲसिडिटीची किंवा चक्करेची अशी गोळी महिनोन्‌महिने चालू आहे आणि अलीकडे हात कापतो, पाय ओढतो, असं असेल तर तो कंप गोळीचाही असू शकतो. डॉक्टरांना पाकीट दाखवा.

प्रश्न : नवी गोळी सुरू झाल्यापासून लघवी नारिंगी होते. कावीळ तर नसेल? — वाचक, पादरा

गोळीत एन्टाकापोन असेल तर हा तिचाच रंग, त्याने अपाय नाही. लेव्होडोपानेही कधी लघवी, घाम, लाळ गडद होते, कपड्यांवर डाग पडतात. डोळे पिवळे दिसले, जेवण जाईना झालं, तर मात्र तपासणी करा. एन्टाकापोनने जुलाब लागले तर तेही कळवा.

प्रश्न : हे कसं लिहू कळत नाही. माझे मिस्टर ६३ वर्षांचे, सगळं आयुष्य पैशाला जपून राहिले. मागच्या वर्षी पार्किन्सनची दुसरी गोळी वाढवली. तेव्हापासून रात्र रात्र फोनवर शेअर्सची उलाढाल करतात. माझ्यापासून लपवतात. मुलीच्या नावची ठेव मोडली. इतरही काही बदललंय, ते लिहायची लाज वाटते. नातेवाइकांत बोलता येत नाही. गोळीचं नाव प्रामिपेक्सोल. — नाव देऊ नये

तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. लाज वाटायचं यात काहीही नाही, तुम्हालाही नाही आणि त्यांनाही नाही.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल आणि त्याच गटाची चिकटपट्टी येते ती रोटिगोटिन, ही औषधं डोपामिनसारखीच वागतात. ती मेंदूच्या ज्या भागाला हालचालीसाठी हवी असतात त्याला पोचतातच, पण इच्छा आणि बक्षिसाचा आनंद जिथे ठरतो त्या भागालाही पोचतात. काही रुग्णांत त्यामुळे जुगार, खरेदी, खाणं किंवा कामेच्छा आवरेनाशी होते. हा या गटाचा सर्वांना माहीत असलेला दुष्परिणाम आहे, औषधाबरोबरच्या माहितीपत्रकात तो छापलेला असतो. माणूस लपवतो, कारण आपलं आपल्यालाच काय होतंय हे त्याला कळत नाही. तुमचे मिस्टर बिघडलेले नाहीत. जो माणूस तुम्ही इतकी वर्षं ओळखता तोच आहे.

आता करायचं काय. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. त्यांच्यासमोर बोलता येणार नसेल तर आधी चिठ्ठी लिहून पाठवा. गेल्या वर्षी काय काय बदललं ते सगळं लिहा, ज्याची लाज वाटते तेही. डोस कमी केला किंवा औषध काढलं की बहुतेकांची ही ओढ ओसरते. मात्र तुम्ही स्वतः गोळी एकदम बंद करू नका. या गटाची औषधं अचानक तोडली तर घबराट, घाम, कमालीची उदासी येते. ती पायरीपायरीने उतरवावी लागतात. तोवर बँकेचे ओटीपी मुलीच्या फोनवर येतील अशी सोय करा आणि ती त्यांच्याशी बोलून करा, चोरून नाही. औषधामुळे होतंय हे कळल्यावर पुष्कळ रुग्णांना रडू येईल इतकं हायसं वाटतं, असं मी पाहिलंय.

ते स्कूटर चालवतात का? याच गटाने बसल्या बसल्या एकाएकी झोप लागू शकते. डॉक्टरांची भेट होईपर्यंत किल्ली घरात राहू द्या.

हे औषध नव्याने सुरू होताना डॉक्टरांनी घरच्यांना हे सांगायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. ओपीडीच्या गर्दीत ते राहून जातं. म्हणून तुम्ही विचारा.

प्रश्न : आईला रात्री खोलीत लहान मुलं बसलेली दिसतात. घाबरत नाही, त्यांना खाऊ द्यायला सांगते. शेजारच्या बेन म्हणतात बाहेरचं आहे. — वाचक, कारेलीबाग

बाहेरचं काही नाही. पार्किन्सनमध्ये असे भास होतात आणि औषधांनी ते वाढतात. आईशी वाद घालू नका, रात्री खोलीत मंद दिवा ठेवा.

पहिल्यांदा लघवीची तपासणी करून घ्या. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की ताप न येताही असं होतं. मग गोळ्यांची यादी बघा. तुम्ही पाठवलेल्या यादीत पॅसिटेन आहे, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल. कंपावर ते जुनं औषध आहे, तरुण रुग्णाला उपयोगी पडतं, पण सत्तरीनंतर त्याने विसरभोळेपणा, गोंधळ, भास, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ आणि लघवी अडकणं होतं. काचबिंदू असेल तर ते आणखी धोक्याचं. अमँटाडिनही आहे, तेही भास देऊ शकतं, आणि मूत्रपिंड थकलेलं असेल तर शरीरात साचतं. दोन्ही एकदम नाही, पण यातलं काय आधी कमी करायचं हे डॉक्टर ठरवतील. लेव्होडोपाला ते बहुधा शेवटी हात लावतील. भासांसाठी औषध द्यायचीच वेळ आली तर क्वेटियापिन किंवा क्लोझापिन देतात, आणि क्लोझापिनला रक्ताची नियमित तपासणी लागते. हॅलोपेरिडॉल नको. ते तुमच्या कार्डावर असेलच.

प्रश्न : आमच्या वैद्यांनी नव्हे, पण एका ओळखीच्यांनी कौंचाच्या बियांची पूड सुचवली. गांधीच्या (जडीबुटी विकणाऱ्याच्या) दुकानातून आणली. नैसर्गिक आहे, तर गोळीबरोबर घ्यायला हरकत नाही ना? — वाचक, रावपुरा

हरकत आहे, आणि कारण असं की ती पूड खरोखर काम करते.

कौंचा म्हणजे आपली खाजकुयली. तिच्या बियांत लेव्होडोपाच असतं. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याच संशोधकांनी ते या बियांतून वेगळं काढून दाखवलं होतं. तेव्हा त्याचा पार्किन्सनशी संबंध कुणाला ठाऊक नव्हता. मेंदूतल्या डोपामिनचं महत्त्व अर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकात दाखवलं, १९६१ मध्ये व्हिएन्नात बिर्कमायर आणि हॉर्निकीविच यांनी रुग्णांना लेव्होडोपा टोचलं, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी ते पोटातून थोडं थोडं वाढवत देऊन चालतं करून दाखवलं. तेव्हा या बियांचा मान मोठाच आहे.

पण चमचाभर पुडीत लेव्होडोपा किती, हे प्रत्येक वेळी वेगळं. बी कुठलं, सोललं कसं, दळलं किती, त्यावर ते अवलंबून. ती गोळीवर टाकली की एकूण डोस किती झाला हे तुमच्या डॉक्टरांना कळायला मार्ग नाही. अंग वळवळायला लागलं, रक्तदाब उतरला, भास झाले, तर ते गोळी कमी करतील आणि पूड तशीच चालू राहील. आयुर्वेदाचे उपचार घ्यायचे असतील तर वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवून घ्या. गांधीच्या पुडीवर मात्र नको.

प्रश्न : मी ६७ वर्षांची. चार वर्षांपासून पार्किन्सन आहे. लग्न होऊन बडोद्यात आले तेव्हापासून एकही नवरात्र गरब्याशिवाय गेलं नाही. मुलगा म्हणतो आता बस. उपासही करू नकोस म्हणतो. — वाचक, अलकापुरी

गरब्याला जा. संगीताच्या तालावर या आजारातले अडखळणारे पाय पुष्कळदा मोकळे होतात, आणि माणसांत जाणं औषधाइतकंच लागतं. मुलाला हे उत्तर वाचायला द्या.

रात्रीचा कार्यक्रम असल्यामुळे तुमच्या गोळ्यांच्या वेळा सरकतील. नवरात्राआधी डॉक्टरांना विचारून त्या नऊ रात्रींचं वेगळं वेळापत्रक लिहून घ्या. फोनवर गजर लावा, कारण ढोलाच्या आवाजात वेळ कळत नाही. कंपनावर ठेवून फोन कमरेला खोचा. पर्समध्ये पुढच्या दोन गोळ्या आणि पाण्याची बाटली. कडेच्या घेऱ्यात राहा, मधोमध नको. उठताना आधी खुर्चीच्या कडेला बसा, पाय हलवा, मग उभ्या राहा. लेव्होडोपाने उभं राहताना रक्तदाब उतरतो, आणि तुम्हाला ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे असं लिहिलंय, म्हणून हे जास्त सांभाळा. घरी बसून आणि मग उभ्याने असा दोनदा रक्तदाब मोजा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना सांगा.

उपासाला औषधाच्या बाजूने विरोध नाही. गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच, ती उपास मोडत नाही. साबुदाण्याने गोळीला अडथळा नाही, दाण्याच्या कुटाने आणि दुधाने आहे, म्हणून खिचडी गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने. निर्जळी उपास मात्र नको. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी कमी पडलं की रक्तदाब उतरतो, पोट साफ होत नाही, आणि दोन्हींनी गोळी बिघडते.

प्रश्न : वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. ‘रात्री बारानंतर तोंडात काही नको’ असं सांगितलंय. मग सकाळची गोळी? शिवाय एखादी गोळी विसरली तर पुढे दोन द्यायच्या का? — वाचक, समा

विसरलेली गोळी आठवल्याबरोबर द्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

ऑपरेशनचं आजच विचारा, त्या दिवशी सकाळी नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटून वडिलांचं कार्ड हातात द्या. पार्किन्सनची गोळी ऑपरेशनच्या दिवशीही घोटभर पाण्याबरोबर द्यायला ते बहुतेक वेळा परवानगी देतात. रासाजिलिन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण भुलेच्या आणि वेदनेच्या औषधांची निवड त्यावर ठरते. रोटिगोटिनची पट्टी असेल आणि एमआरआय करायचा असेल तर पट्टी आधी काढावी लागते, तिच्या पाठीला धातू असतो.

गोळ्या एकदम थांबल्या तर काय होतं हेही सांगून ठेवते. अंग लाकडासारखं ताठ होतं, ताप चढतो, माणूस गोंधळतो. हे प्राणावर बेतू शकतं आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावं लागतं. प्रवासातही असंच होतं, गोळ्या मोठ्या बॅगेत आणि बॅग दुसऱ्या गाडीत. गोळ्या नेहमी हातातल्या पिशवीत.

रुग्णालयात दाखल करताना तुमच्या पाकिटांसह जा, कारण तिथल्या औषध-खोलीत नेमकी तीच ताकद असेलच असं नाही. गोळी घशाखाली उतरत नसेल तर नळीने देता येते का, हे विचारा. साधी गोळी पाण्यात विरघळवून देतात, सीआर देत नाहीत. आणि शुद्धीवर आल्यावर पहिली गोळी किती वाजता व ती कोण देणार, हे आदल्या दिवशीच केसपेपरवर लिहून घ्या.